पहिला बग कसा निवडावा?

प्रश्न : मला सी++ बऱ्यापैकी येतं. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या कामात हातभार लावायचा आहे. पण सोपा वाटणारा बग उघडावा, तर तो आधीच कुणीतरी घेतलेला असतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बग नंतर, आधी बिल्ड, म्हणजे सोर्स कोडमधून प्रोग्राम स्वतः तयार करणं. साध्या लॅपटॉपवर पहिल्या बिल्डला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. आधी कंपाइल झालेले भाग साठवून ठेवणारं 'सीकॅश' बसवलं असेल तर पुढचे बिल्ड लवकर होतात. बिल्डच्या आधी बग स्वतःच्या नावावर केला, की तो अडकून पडतो. तुम्हाला भेटलेले बरेचसे बग असेच अडकलेले असणार.

मग बगझिलात, म्हणजे लिबरऑफिसच्या बगांच्या ऑनलाइन नोंदवहीत, 'ईझीहॅक' (नवख्यांसाठीची कामं), 'डिफिकल्टीबिगिनर' आणि 'स्किलसीपीपी' हे कीवर्ड एकत्र टाका. इंग्रजीत, प्रत्येक कीवर्ड सलग. कमेंट शेवटपर्यंत वाचा. कोणती फाइल बदलायची हे तिथेच सांगितलेलं असतं, गेरिटवर, म्हणजे कोड तपासणीच्या साइटवर, पॅच (कोडमधला बदल) आलेला असेल तर तेही कळतं. बग नावावर आहे, पण कित्येक महिने पॅच नाही, असं दिसलं तर 'काम चालू आहे का?' असं खुशाल विचारा.

पहिल्या खेपेला साफसफाईचं काम घ्यावं, असं आम्ही आग्रहाने सांगू. उदाहरणार्थ, हेडर फाइलमधले जुने इन्क्लूड गार्ड काढून 'प्रॅग्मा वन्स' टाकणं. अशी कामं अनेकांसाठी खुली असतात, ती नावावर करायची नसतात. मोजक्या फाइली बदला, 'मेक चेक'ने चाचण्या चालवा, कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाच्या पहिल्या ओळीत 'टीडीएफ#' आणि बगचा क्रमांक लिहा. आपला कोड लिबरऑफिसच्या परवान्याखाली द्यायला संमती देणारी ईमेल एकदाच पाठवावी लागते, तीही आताच पाठवा.

नवे लोक हमखास चुकतात ते यापुढे. तपासणाऱ्याने बदल सुचवला की ते नवा कमिट करतात आणि गेरिटवर दुसरंच रिव्ह्यू उघडतं. तसं न करता 'गिट कमिट --अमेंड' वापरून आधीचाच कमिट बदला आणि संदेशातली 'चेंज-आयडी'ची ओळ जशीच्या तशी राहू द्या; तिच्यावरूनच गेरिट जुनं रिव्ह्यू ओळखतं.

प्रश्न : कोड लिहिता येत नसेल तर?

उत्तर : 'अनकन्फर्म्ड', म्हणजे अजून कुणी खात्री न केलेले, बग ताज्या आवृत्तीत करून पाहा आणि घडतो की नाही ते आवृत्तीसह नोंदवा. देवनागरीच्या बगांना तर मराठी वाचणारी माणसं हवीच आहेत : 'र्‍या' किंवा 'क्ष' चुकीचा उमटला, तर ही लिपी न वाचणाऱ्या डेव्हलपरला ते दिसतच नाही. एका शब्दाची फाइल, स्क्रीनशॉट, फॉन्टचं नाव आणि ऑपरेटिंग सिस्टिम एवढं जोडा. शब्द कसा दिसायला हवा, त्याचंही चित्र द्या.