पश्चिमेच्या सागवानी दाराला काय लावावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: गुहागरकडचं घर, तीस वर्षांचं सागवानी दार, तोंड पश्चिमेला, पुढे पडवी नाही. पॉलिशवाला म्हणतो मेलामाइन पॉलिश, दुकानदार म्हणतो ग्लॉसी पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश), आणि तुम्हाला हवी गडद वॉलनट शेड.

मेलामाइन आधी बाजूला ठेवा. घरातल्या कपाटाला ते छान, पण बाहेर नाही. त्याचा थर कडक असतो. लाकूड पावसात फुगतं, मेमध्ये आक्रसतं, थर तेवढा ताणत नाही आणि तडकतो. माझ्या आईच्या घरी मुख्य दाराला हेच मारलं होतं. पहिल्या दिवाळीत दार आरशासारखं. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या आडव्या पट्टीवर पांढुरके चट्टे आले. नख घातलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटून आला आणि आतलं लाकूड करडं पडलेलं. दार बिजागऱ्यांतून उतरवलं तेव्हा खरं कारण दिसलं: तळाच्या कडेला कधी ब्रश लागलाच नव्हता. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथे उघडी असतात आणि पाणी ओढून घेतात. तेव्हा तुम्ही काहीही लावा, दार उतरवूनच लावा. तळ, माथा, कुलपाची खाच, सगळीकडे.

आता शेड. बहुतेक लोक स्टेनकडे फक्त रंग म्हणून बघतात, पण उघड्या दारावर स्टेन ही लाकडाची छत्री असते. पारदर्शक थरातून ऊन आत जातं, लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा घटक, मोडतं आणि थर ज्याला धरून होता तो पृष्ठभागच भुसभुशीत होतो. म्हणून नुसतं क्लिअर कितीही महाग घेतलं तरी उघड्यावर सोलून निघतं. रंगकण असलेला स्टेन ऊन अडवतो. तो ओळखायला सोपा: डबा उघडला की तळाशी गाळ बसलेला दिसतो, ढवळावा लागतो. स्पिरिटमधला पातळ रंग सुंदर दिसतो, पण उन्हात उडतो. गडद वॉलनटही नको. दुपारच्या उन्हात दार फार तापतं आणि सांधे उघडतात. मध्यम सागवानी तपकिरी घ्या. दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात नमुना लावून, वरचा हातही देऊन, दिवसाच्या उजेडात बघा.

वरच्या थराचं म्हणाल तर पडवी असती तर मी एक्स्टेरिअर पीयूच सांगितलं असतं: दोन डब्यांचं, हार्डनर घालून लावायचं, डब्यावर अ‍ॅलिफॅटिक लिहिलेलं. ते उन्हात पिवळं पडत नाही, आतल्या कामाचं पीयू पडतं. पण तुमच्या दारावर थेट झड येते. तिथे मी लाकडात मुरणारं, रंगकण असलेलं एक्स्टेरिअर वुड ऑइलच लावेन. मग वेगळा स्टेनही लागत नाही. चकाकी कमी मिळेल, हे मान्य. पण ते सोलत नाही, फिकं पडतं. दर वर्षी पावसाळ्यानंतर दार धुवायचं, वाळलं की हलका पॉलिश पेपर फिरवायचा, एक हात मारायचा. पीयू एकदा सुटलं की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

जुनं पॉलिश कुठलं ते आधी बघा. बिजागरीमागे स्पिरिटचा बोळा घासा, तपकिरी चिकट उतरलं तर लाखेचं. ते पूर्ण काढावंच लागेल. मग 80, 120, शेवटी 150 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल नीट मुरत नाही. स्टीलवूल वापरू नका, लोखंडाचे कण राहिले की ओल लागून काळे डाग उठतात. कडीकोयंड्याभोवती असे डाग असतीलच. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातात, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर दार भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून लावायच्या अगदी आधी थिनरने पुसा.

काम डिसेंबरात काढा. दोन पातळ हात, प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर दार चिकट राहतं. आणि ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखी वाळणारी तेलं तापतात आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.