कार्पेटवर रेड वाइन सांडली. मीठ टाकू की पांढरी वाइन ओतू?

प्रश्न असा आहे: काल रात्री फिकट रंगाच्या कार्पेटवर अर्धा ग्लास रेड वाइन सांडली. कुणी म्हणतं मीठ टाक, कुणी म्हणतं वरून पांढरी वाइन ओत. डाग घरच्या घरी निघेल का? आणि वाळला असेल तर काय करायचं?

मीठ नको. पांढरी वाइन पिऊन टाका.

उत्तर इथेच संपलं असतं. पण तुमच्या प्रश्नात 'मीठ' वाचलं आणि अकरा वर्षांपूर्वीची एक रात्र डोळ्यांपुढे उभी राहिली, त्यामुळे आता जरा ऐकून घ्या.

आमच्या हॉलमध्ये लोकरीचं कार्पेट आहे. दुधाळ रंगाचं, दाट लवेचं, मी हट्टाने घेतलेलं. माझ्या नवऱ्याला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर तो गाडी चुकल्याची कुठलीशी गोष्ट रंगवून सांगत होता. गोष्टीत गाडी सुटली आणि इकडे त्याच्या हातातला भरलेला ग्लास सुटला. यावरून मी त्याच्याशी कधीही भांडलेले नाही. ग्लास कुणाच्याही हातून पडतो. पुढच्या पाच मिनिटांत कोण काय करतं, ते महत्त्वाचं.

मी आतल्या कपाटातून जुनी पांढरी चादर काढायला धावले. पांढरीच का, तर रंगीत कापड ओलं झालं की त्याचा रंग सुटून कार्पेटला लागू शकतो, आणि डाग किती उतरला हेही त्यावर दिसत नाही. चादर घेऊन बाहेर आले, तर थोरल्या नणंदबाई गुडघ्यांवर बसलेल्या. मिठाची बरणी डागावर पालथी, त्यावर किटलीतलं गरम पाणी, आणि भांडी घासायच्या ब्रशने खसाखसा घासणं चालू.

"ताई, घासू नका हो."

"तू सरक गं. मीठ डाग ओढून घेतं. आम्ही काय कमी डाग काढलेत?"

घरात आठ माणसं, सगळ्यांच्या देखत. मी सरकले. ते सरकणं मला आजही सलतं.

आता एकेक बघू. मीठ ओलावा ओढतं, खरं आहे. पण कोरडं सुती कापडही ओलावा ओढतं, आणि कितीतरी जास्त ओढतं. मिठाने रंग जात नाही, तो फक्त मिठाला लागतो आणि आपल्याला वाटतं, वा, निघाला! उरलेलं मीठ लवेच्या मुळाशी जाऊन बसतं, हवेतला दमटपणा धरतं, आणि ती जागा कायम चिकट, मळकट राहते. आमच्याकडे महिनाभर व्हॅक्युममधून मीठ निघत होतं. टेबलक्लॉथवर सांडली असेल आणि तो लगेच धुवायलाच टाकणार असाल, तर मीठ टाका बापडे. कार्पेट उचलून बादलीत भिजवता येत नाही.

गरम पाणी तर त्याहून वाईट. लोकर रंगवणारे काय करतात? आम्लधर्मी रंग घेतात, पाण्यात ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल घालतात आणि ते उकळीच्या जवळ नेतात. वाइन मुळातच आंबट, तिच्यात रंग तयार. राहिलं होतं ते गरम पाणी, तेही ताईंनी घातलं. आम्ही डाग काढत नव्हतोच, आम्ही कार्पेट रंगवत होतो.

आणि घासणं. कार्पेटच्या धाग्याला पीळ असतो. ब्रशने घासलं की तो उलगडतो, लव पिंजल्यासारखी होते, आणि मग डाग गेला तरी ती जागा वेगळी दिसते ती दिसतेच. शिवाय बशीएवढा डाग ताटाएवढा होतो. डाग टिपायचा असतो. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या पिढीला टिपकागद माहीत असेल, तसा. कापड ठेवायचं, तळव्याने दाबायचं, उचलायचं, कापडाची कोरडी बाजू घ्यायची, पुन्हा दाबायचं. कडेकडून मध्याकडे. मग थोडं गार पाणी शिंपडून पुन्हा तेच. कापडावर गुलाबी छटा उमटायची थांबेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, त्यात मोठ्या माणसाला चार लोकांत कर्तबगारी दाखवता येत नाही, म्हणूनच ते कुणी करत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण ताईंनी वर खायचा सोडा पसरला आणि डाग लालाचा निळसर करडा झाला. "बघ, लाल गेला!" असं त्या म्हणाल्या. सगळ्यांनी मान डोलावली. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी करून आम्ल-आम्लारी ओळखायचा प्रयोग केला असेल ना? वाइनचा लाल रंग त्याच कुळातला, अँथोसायनिन. आम्लात लाल, आम्लारी लागली की जांभळा-निळा. रंग गेला नव्हता, त्याने फक्त कपडे बदलले होते. लोकरीला तर आम्लारी सोसतही नाही, लोकर म्हणजे केसच शेवटी.

रात्री सगळे झोपल्यावर मी बसले. सोडा उचलला, गार पाण्याने टिपत राहिले, दोन वाजता कार्पेट जवळजवळ स्वच्छ दिसायला लागलं आणि मी विजयी मुद्रेने झोपले. सकाळी डाग परत हजर. कारण अर्धी वाइन गरम पाण्यासोबत खालच्या अस्तरापर्यंत उतरली होती. वरची लव वाळायला लागली की खालचं पाणी धाग्यातून वर चढतं, समईची वात तेल ओढते तसं, आणि रंग टोकाशी आणून ठेवतं. हे तुमच्याही बाबतीत होईल, घाबरू नका. उपाय सोपा आहे: शेवटचं टिपून झालं की पांढऱ्या कापडाच्या सात-आठ घड्या त्या जागेवर ठेवायच्या, वर प्लास्टिक, त्यावर जाडजूड पुस्तकं, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. वर येणारा रंग कापडात जातो.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर लावायचं ३ टक्क्यांचं, तपकिरी बाटलीतलं. ते रंगाचे रेणू खरोखर मोडतं. मीठ आणि सोडा यांच्यासारखी नुसती हलवाहलव नाही. दोन भाग पेरॉक्साइड, एक भाग भांड्यांचं लिक्विड. मी ते डागावर ओतलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी डाग नव्हता.

डागाच्या जागी बशीएवढा पांढरा ठिपका होता. बाकी कार्पेट दुधाळ, तेवढा चंद्र पांढराशुभ्र. खिडकीतलं ऊन दिवसभर त्यावर पडत होतं आणि पेरॉक्साइड आपलं काम करत राहिलं. आधी वाइनचा रंग खाल्ला, मग कार्पेटचा.

आणि तेव्हापासून आमच्या घरात इतिहास असा सांगितला जातो: "डाग ताईंनी काढला होता, हिने ॲसिड ओतून कार्पेट जाळलं." अकरा वर्षं. ॲसिड! नव्या सुना-जावयांनाही हेच सांगितलं जातं.

म्हणून मी प्रयोग केला. कार्पेट बसवणाऱ्याने उरलेला तुकडा दिला होता, त्याचे सहा चौकोन कापले आणि प्रत्येकावर चमचाभर वाइन सांडली. नुसतं टिपून गार पाणी वापरलं त्यावर फिकट गुलाबी छटा राहिली, लक्ष देऊन पाहिलं तरच दिसेल अशी. मिठाच्या चौकोनावर गडद कडा. पांढऱ्या वाइनने पाण्याइतकंच काम केलं, कारण पांढरी वाइनही बरीचशी पाणीच असते. वर वास आणि चिकटपणा फुकट. सोड्याचा निळा झाला. मीठ, गरम पाणी, ब्रश या ताईंच्या त्रयीचा चौकोन मी आजही जपून ठेवलाय. सहाव्यावर पेरॉक्साइड आणि लिक्विड लावलं, अर्ध्या तासाने टिपून स्वच्छ पाण्याने दोनदा काढलं, आणि तिथे काहीही नव्हतं. डाग नाही, पांढरा चंद्रही नाही. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. ताईंनी अंगठा पाठवला. बास.

तर, पेरॉक्साइडचा दोष नव्हता, ते दिवसभर तसंच सोडण्याचा होता. तो माझा. पिंजलेली लव त्यांची. एवढं मी कबूल करते, त्यांनीही निम्मं करावं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. कार्पेट कशाचं आहे हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. मागच्या बाजूची पट्टी वाचा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर असेल तर तुम्ही नशीबवान, हे धागे वाइनचा रंग सहसा धरत नाहीत. पाणी आणि थोडं लिक्विड बहुधा पुरेल. नायलॉन लोकरीसारखाच रंग पितो, तिथे घाई करा. लोकर असेल तर कपभर पाण्यात पाव चमचा लिक्विड, त्याने टिपा, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी, मग साधं पाणी. (हो, वर मी व्हिनेगरला रंगाऱ्याचं सामान म्हटलं. ते उकळत्या पाण्यात. गार पाण्यात ते फक्त लिक्विडचा आणि सोड्याचा आम्लारीपणा मारतं.) लिक्विड जास्त घेऊ नका. ते धुऊन निघत नाही आणि पुढे तिथेच धूळ चिकटते.

वाळलेल्या डागाला आधी कोमट पाण्याचं कापड पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ करा, मग हेच सगळं, फक्त दोन-तीनदा. पूर्ण जाईलच असं नाही.

हे मी आधीच लिहायला हवं होतं: पेरॉक्साइड लावण्यापूर्वी सोफ्याखालच्या कोपऱ्यात थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी बघा. लोकरीवर, रेशमावर ते शेवटचा उपाय म्हणूनच, आणि अर्ध्या तासात काढायचं. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते. व्हिस्कोजचं चमचमतं कार्पेट असेल तर पाणीसुद्धा घालू नका, कोरडं टिपा आणि जाणकाराला बोलवा, ओलं झालं की ते पिवळं पडतं. आणि कपड्यांचं क्लोरीनचं ब्लीच लोकरीला अक्षरशः विरघळवतं. ते व्हिनेगरमध्ये मिसळलं तर खोलीत विषारी क्लोरीन वायू होईल, तेव्हा त्या बाटलीला हातच लावू नका.

आमचं कार्पेट आम्ही फिरवून घातलं, चंद्र सोफ्याखाली गेला. ताई आल्या की नेमक्या त्याच सोफ्यावर बसतात.

मीठ टाकून झालं असेल, तर पाणी घालण्याआधी ते कोरडंच व्हॅक्युमने ओढून घ्या. कार्पेट कशाचं आहे ते खाली लिहा, मग पुढचं सांगते. आणि मीठ कुणी टाकलं, तेही लिहा.