'एन्ट नो सनशाइन' हे जेमतेम दोन मिनिटांचं गाणं पन्नास वर्षांनंतरही इतकं का भिडतं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की सोल या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताशी तुमची ओळख नवी आहे, इंग्रजी गाण्यांचे शब्दही नीट उमगत नाहीत, तरी अमेरिकन गायक बिल विदर्सचं हे गाणं लागलं की हातातलं काम थांबतं. असं का होतं, आणि याचं कुठलं रेकॉर्डिंग ऐकावं, असं विचारलंय. हे गाणं माझ्या फार जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक लोक याला विरहगीत म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ज्याला सगळं कळतंय पण वळत नाही, अशा माणसाचं हे गाणं आहे, आणि ते इतकं टिकलंय ते त्यामुळेच. विरह प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असं नाही. पण आपल्या भल्याचं नाही हे पक्कं ठाऊक असूनही एखाद्या माणसाकडे, एखाद्या सवयीकडे पुन्हा पुन्हा वळलो नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

शब्द पाहा. ती गेली की ऊन पडत नाही, ऊब राहत नाही, घर घरासारखं वाटत नाही. एवढंच. ती कोण, का गेली, चूक कुणाची, काही सांगितलेलं नाही. तक्रार नाही, शाप नाही, परत ये अशी विनवणीही नाही. पण एक बारीक गोष्ट पटकन निसटून जाते. तो म्हणतो, ती जाते तेव्हा दर वेळी असं होतं, आणि या वेळी ती कायमची गेली की काय, असं त्याला वाटतं. म्हणजे हे पहिल्यांदा घडलेलं नाही. ती जाते, येते, पुन्हा जाते, आणि तो दर वेळी दार उघडतो.

हे गाणं सुचलं एका सिनेमावरून. १९६२ चा 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस', जॅक लेमन आणि ली रेमिक यांचा. दारूच्या विळख्यात सापडलेल्या नवरा-बायकोची गोष्ट आहे ती. एक सावरतो तेव्हा दुसरा घसरतो, आणि एकमेकांशिवायही त्यांना राहवत नाही. विदर्सनं तो टीव्हीवर पाहिला. आपल्याला चांगल्या नसलेल्या गोष्टींचीही कधी कधी आठवण येते, असं त्यानं पुढे या गाण्याबद्दल सांगितलं होतं. हे माहीत झाल्यावर गाणं पुन्हा ऐकून बघा. त्यातली 'ती' बाई असेल, बाटली असेल, काहीही असेल. गाण्याला फरक पडत नाही.

आता ती प्रसिद्ध जागा. दुसरं कडवं संपतं आणि विदर्स 'आय नो, आय नो' (मला माहितेय, मला माहितेय) म्हणायला लागतो, सलग सव्वीस वेळा. बाकीची वाद्यं बाजूला होतात, खाली फक्त ड्रम्सचा ठेका चालू राहतो. श्वास घ्यायलाही फारशी उसंत नाही. पहिल्या सात-आठ वेळा ते गाण्यातलं पालुपद वाटतं. मग ते वाढतच जातं, लय किंचित पुढेमागे झुलते, आणि ऐकणारा अस्वस्थ होतो, कारण आता हा कुणाला सांगतोय हेच कळेनासं होतं. शेवटी त्यातून बाहेर पडून तो काय म्हणतो? त्या पोरीचा नाद सोडायला हवा. आणि पुढच्याच ओळीत पुन्हा तेच, ती नाही तर ऊन नाही. सव्वीस वेळा 'मला माहितेय' म्हणून माणूस जिथल्या तिथे. इतक्या थोडक्यात हे मांडलेलं मला दुसऱ्या कुठल्याही गाण्यात सापडलेलं नाही.

माझी एक आत्या होती. आतोबा दारू पिऊन महिना-महिना गायब व्हायचे, आले की ती गरम पाणी काढून द्यायची, ताट वाढायची. आजी एकदा तिला बोलली, "अगं, किती वेळा?" आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कळतंय मला, आई. कळतंय. कळतंय गं." आजी कधीच गप्प झाली होती, तरी ती म्हणतच राहिली. हे गाणं मी त्यानंतर कित्येक वर्षांनी ऐकलं, आणि त्या मधल्या भागाचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. तुम्हाला शब्द न कळताही गाणं पोचतं त्याचं कारण मला हेच वाटतं. सगळ्यात महत्त्वाच्या जागी शब्द दोनच आहेत, आणि ते संपेपर्यंत नुसता आवाज झालेले असतात.

गंमत अशी की तिथे सव्वीस वेळा तेच म्हणायचं असं ठरलेलं नव्हतं. विदर्सला त्या जागी आणखी ओळी लिहायच्या होत्या. स्टुडिओतल्या लोकांनी सांगितलं, आहे तसंच राहू दे. ही माणसं साधीसुधी नव्हती. निर्माता होता बुकर टी. जोन्स, बास गिटारवर डोनाल्ड 'डक' डन, ड्रम्सवर अल जॅक्सन ज्युनियर, म्हणजे मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत सोल गायक ओटिस रेडिंगला साथ करणारी मंडळी. गिटारवर स्टीफन स्टिल्स. आणि गायक? विमानांची स्वच्छतागृहं बनवणाऱ्या कारखान्यातला कामगार. आपण कारखान्यातले, ही माणसं मुरलेली, त्यांनी ठेव म्हटलं म्हणून ठेवलं, असं विदर्सनंच नंतर सांगितलंय.

त्याची पार्श्वभूमीही थोडी सांगायला हवी. जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क हे कोळसा खाणींचं गाव. तो तेरा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे नऊ वर्षं नौदलात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तो बोलताना अडखळायचा. ज्या माणसानं अर्धं तारुण्य तोंडात शब्द अडकण्याच्या भीतीत काढलं, त्याच्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यात तेच दोन शब्द अडकून सव्वीस वेळा बाहेर पडतात. त्यानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ऐकताना माझ्या मनातून हे जात नाही. बोलणं सोपं असलेल्या माणसानं ती जागा खात्रीनं आणखी शब्दांनी भरली असती.

'जस्ट ॲज आय ॲम' हा त्याचा पहिला अल्बम १९७१ मध्ये आला, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. मुखपृष्ठावरचा फोटो कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीतला आहे. विटांच्या भिंतीशी उभा, हातात जेवणाचा डबा. गाण्याचा धंदा भरवशाचा नाही म्हणून त्यानं नोकरी सोडली नव्हती. हे गाणं आधी तबकडीच्या बी बाजूला होतं, ए बाजूला 'हार्लेम'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून हेच लावायला सुरुवात केली आणि ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं.

संगीताच्या अंगानं थोडं. सोल म्हटलं की चर्चमधल्या गॉस्पेल भक्तिगीतांमधून आलेला चढता आवाज, घाम, शेवटाकडे तारसप्तकात गेलेली आर्जवं आठवतात. ओटिस रेडिंगची कितीतरी गाणी अशीच हळूहळू पेटत जातात. विदर्स आवाज चढवत नाही. गाण्याला सुरुवातीचा तुकडाही नाही, पहिल्याच क्षणी आवाज येतो, जणू तो आधीपासून बोलत होता आणि आपण आता खोलीत शिरलो. सूर ए मायनरमध्ये. पेटी असेल तर पांढरी सहा षड्ज धरा, कोमल गंधार घ्या, आणि त्यातली उदासी तुम्हाला हाताखाली सापडेल. व्हायोलिनं दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबतात आणि आल्यावरही मागेच राहतात. वेगळं ध्रुवपद नाही. ठरलेल्या साच्यातलं जवळजवळ काहीच नाही, आणि त्यामुळे कंटाळा येईल असंही काही उरलेलं नाही.

हे गाणं पुढे असंख्य लोकांनी गायलं. मायकल जॅक्सनचं रेकॉर्डिंग १९७२ च्या सुरुवातीला त्याच्या अल्बमवर आलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आवाज विलक्षण गोड आणि तयार आहे, यात वाद नाही. पण ते ऐकताना मला एक पोरगं छान गातंय एवढंच वाटतं. या गाण्याला बऱ्याच वेळा हरून झालेला आवाज लागतो.

आता कुठलं ऐकावं. आधी १९७१ चं मूळ, चांगल्या हेडफोनवर, कारण फोनच्या स्पीकरवर डक डनचा बास हरवतो. मग बीबीसीच्या 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या कार्यक्रमातलं १९७२ चं चित्रीकरण पाहा. तिथे तो बसून, मांडीवर गिटार घेऊन गातो, आणि 'आय नो'च्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. तिसरं, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधलं ऑक्टोबर १९७२ चं थेट रेकॉर्डिंग, जे १९७३ मध्ये निघालं. त्यात समोरच्या श्रोत्यांशी त्याचं बोलणंही ऐकू येतं, आणि एके काळी याच माणसाला बोलायची धास्ती होती हे खरं वाटत नाही.

आणि मूळ अल्बम लावलात तर हे गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. पुढचंच 'ग्रँडमाज हँड्स' आहे, त्याच्या आजीवरचं. रविवारी चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, डफली वाजवणारे, पडलेल्या नातवाला उचलणारे तिचे हात. तेही दोनच मिनिटांचं आहे.