टक्का किती ते सोड, टक्का कुठला ते सांग

पोरी,

"पाच विधानसभांत पुढे असलेला माणूस एका विधानसभेमुळे पडतो, ही कसली निवडणूक?" हा तुझा प्रश्न वाचला. धुळ्याचा २०२४चा लोकसभेचा निकाल तुला अजून छळतोय, हे कळतं. पण इतके महिने छळून घेतलंस आणि फॉर्म २०, म्हणजे केंद्रवार मतांचा तक्ता, एकदाही उघडला नाहीस, याचं काय करायचं?

आधी आकडे बघू. तुमचे, म्हणजे भाजपचे, डॉ. सुभाष भामरे धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव बाह्य आणि बागलाण या पाचही ठिकाणी पुढे होते. पाचांची मिळून आघाडी साधारण १ लाख ९० हजार. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना १ लाख ९४ हजारांचं लीड दिलं. बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. लोकसभेला विधानसभा मोजत नाहीत, मतं मोजतात. यात अन्याय कुठे आला?

तू "एकगठ्ठा मतदान" म्हणालीस. एकगठ्ठा गावं आपल्याकडेही आहेत, तेव्हा त्याला आपण बालेकिल्ला म्हणतो. राहू दे. मला त्या गठ्ठ्यापेक्षा त्यांच्या रांगेत रस आहे. मालेगाव मध्यमध्ये मतदारसंघाच्या सरासरीपेक्षा जास्त लोक बाहेर पडले. तिथे दीड-दोन टक्के मतदान कमी झालं असतं, किंवा बाकी पाच ठिकाणी त्याच कलाने दीड-दोन टक्के जास्त झालं असतं, तर निकाल फिरला असता. म्हणजे कोणाचं मन वळवायची गरजच नव्हती. जे तुमचेच होते, ते घरी बसले.

म्हणून सांगतो, मतदानाचा टक्का किती ते विचारू नकोस. टक्का कुठला ते विचार.

कागद घे. दोन भाग धर, प्रत्येकी १ लाख मतदारांचे. एकात तुमचे ७० टक्के, त्यांचे ३०. दुसऱ्यात बरोबर उलट. लोकमत अगदी बरोबरीत. आता तुमच्या भागात ४५ टक्के मतदान झालं, तर लीड १८ हजार. त्यांच्या भागात ६५ टक्के झालं, तर २६ हजार. तुम्ही ८ हजारांनी पडलात, एकही माणूस फुटलेला नसताना. तुमच्या बैठकांत हे गणित कोणी मांडतं का? नाही. तिथे सभेची गर्दी मोजतात.

मलाही गर्दी न जमवणारा म्हणून एका उमेदवाराने बैठकीतून वगळलं होतं. आळशी म्हणाला. मी तेव्हा मतदार यादीचे भाग घेऊन कोण वारलं, कोण पुण्याला गेलं, कोणाचं नाव दोनदा आहे, याच्या खुणा करत बसलो होतो. आजही मला वाटतं की काम मीच करत होतो. खंत एवढीच, की तेव्हा भांडलो नाही, रुसून घरी बसलो.

आणि ते "टक्का वाढला म्हणजे सरकार गेलं" कृपा करून माझ्यासमोर म्हणू नकोस. १९९५ला विधानसभेचं मतदान ७१ टक्क्यांवर गेलं आणि सत्ता पालटली. २०२४ला ६६ टक्क्यांवर गेलं आणि सत्तेतलेच तीन पक्ष २३० जागा घेऊन परतले. एकूण टक्का मुका असतो गं. तो कोणत्या बूथवर वाढला, हे कळल्याशिवाय त्याला काही विचारण्यात अर्थ नाही.

तसंच ते २०२४च्या विधानसभेचं, मुंबईतलं कुलाबा आणि कोल्हापूरकडचं करवीर. एकीकडे ४४ टक्के, दुसरीकडे ८४ टक्के, की झाली बातमी, झाली शहरी माणसाची खरडपट्टी. पण कुलाब्याची करवीरशी लढतच नाही! लढत असते एकाच मतदारसंघातल्या सोसायटीची आणि वस्तीची. शिवाय शहरातल्या याद्यांत स्थलांतरितांची नावं तशीच राहतात, त्यामुळे तिथला टक्का असतो त्याहून वाईट दिसतो. आधी यादी तपास, मग मतदारांना शिव्या दे.

मुंबई उत्तर पश्चिमला २०२४च्या लोकसभेचा निकाल ४८ मतांवर लागला. मालेगाव मध्यला त्याच वर्षी विधानसभेचा १६२ मतांवर. तुझ्या गल्लीत मतदान न केलेली इतकी माणसं सहज सापडतील. तू म्हणतेस, "आमच्याकडे सगळे आमचेच होते." असतील. किती जण केंद्रावर आले?

राजकारण सोडायचं की नाही, हे मला विचारू नकोस. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून धुळे शहराचा फॉर्म २० काढ, लोकसभेचा आणि विधानसभेचा. तुझ्या प्रभागातली केंद्रं अधोरेखित कर. प्रत्येक केंद्रापुढे तीन आकडे लिही: यादीत किती (हा मतदार यादीतून घे), आले किती, आपल्याला किती. मतदान कमी पण लीड मोठं, अशी केंद्रं वेगळी काढ. पुढच्या वेळी चिठ्ठ्या वाटायला तिथे आधी जायचं, दुपारी एकच्या आत. जिथे आधीच रांग आहे तिथे उमेदवाराबरोबर फोटो काढत उभं राहायचं नाही.

रविवारी ये. कागद छापून आण, मोबाईलवर मला दिसत नाही.

तुझा,
काका