"घरीच तर आहेस" म्हणणाऱ्यांना सांग, मी कॉलेजला जाते

अगं,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागीच होते, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसलेय. तू लिहिलंयस की इग्नूत, म्हणजे त्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, घरी बसून शिकायच्या बीए समाजशास्त्राला नाव घातलं, तीन महिने झाले, पीडीएफ डाउनलोड करून तशाच पडल्यात, व्हिडिओ लावला की डोळा लागतो, आणि आता वाटतंय की आपल्याच्यानं हे होणार नाही. आणि अगदी शेवटी लिहिलंस, "कुणाला कळलंपण नाही ताई, मी अभ्यास करत नाहीये ते."

मी दोन दिवस त्या शेवटच्या वाक्यावरच अडकलेय.

बघ, रोज एसटीनं कॉलेजला जाणारी मुलगी दोन दिवस नाही गेली तर मैत्रीण फोन करते, सर हजेरी घेताना नाव घेऊन विचारतात, एसटीतला नेहमीचा कंडक्टरसुद्धा म्हणतो काय ताई, दिसला नाहीत. ऑनलाइन शिकताना यातलं कुणीच नसतं. ॲडमिशन मोबाइलवर, फी मोबाइलवर, पुस्तकं मोबाइलवर, लेक्चर मोबाइलवर, आणि तू चार महिने गायब झालीस तरी मोबाइल काही विचारत नाही. तू आळशी आहेस असं मला अजिबात वाटत नाही, तुझी आठवण ठेवणारं कुणी त्या अभ्यासात नाहीये एवढंच झालंय. म्हणून पहिलं काम हेच कर, आपण गायब झालो तर ज्यांच्या लक्षात येईल अशी दोन-तीन माणसं शोधून ठेव. बाकीचं टाइमटेबल वगैरे सगळं नंतर.

माझं सांगते. मी पतसंस्थेत कामाला होते तेव्हा बाहेरून बीए करत होते, आणि माझं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं. दिवाळीनंतर सुरू करू, मार्चएंड झाला की सुरू करू, असं करत करत असाइनमेंटची तारीख कधी गेली ते मला तारीख उलटल्यावर नऊ दिवसांनी कळलं. त्या रात्री मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत रडले, कारण घरात कुणाला सांगायचं नव्हतं. फी माझ्या पगारातली होती तरी मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या वर्षी अभ्यासकेंद्रावर गेले, तिथं ओळखपत्रं दाखवायच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका अंगणवाडीच्या बाईंना सरळ विचारलं की तुमचा नंबर देता का. पुढे आम्ही चौघी झालो. दर रविवारी रात्री नऊला फोन, कॉन्फरन्सवर, कुणी काय वाचलं ते सांगायचं, काहीच नसेल वाचलं तर तसं सांगायचं, पण फोन उचलायचाच. त्यातली एक भाकऱ्या थापता थापता बोलायची, मागं परातीचा थपथप आवाज यायचा आणि ती म्हणायची, "तू पान वाच मोठ्यानं, मी ऐकते." मी वाचायचे. तिच्यासाठी मोठ्यानं वाचलेली पानं मला परीक्षेत जशीच्या तशी आठवली, हे आजही आठवतं तेव्हा छाती भरून येते. चौघीही पास झालो.

तर तुझ्या कोर्सच्या चार मुलीमुलं शोध. टेलिग्राम व्हॉट्सॲपवर हजार हजार जणांचे ग्रुप असतात, तिथं रिझल्ट कधी आणि हॉलतिकीट कधी एवढंच चालू असतं, तिथं कुणी कुणाचं नसतं. त्या ग्रुपमध्ये एक मेसेज टाक की मराठवाड्यातलं कुणी समाजशास्त्र करतंय का, दोघं जरी सापडली तरी बास, वेगळा छोटा ग्रुप कर.

आता घरचं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तू ओझरतं लिहिलंयस पण मला त्यातलं सगळं कळलं. "घरीच तर आहेस" हे वाक्य. पाहुणे आले, तू घरीच तर आहेस, चहा कर. बहिणीचं बाळ सांभाळ. दळण आण. आईचा यात वाईट हेतू नसतो गं, तिला दिसतं ते एवढंच की मुलगी मोबाइल घेऊन बसलीये, आणि मोबाइल घेऊन बसणं म्हणजे शिकणं हे तिनं कधी बघितलेलं नाही. तिला दिसेल असं काहीतरी कर. इग्नूचं ओळखपत्र प्रिंट काढून लॅमिनेट करून घे आणि वडिलांच्या हातात दे. कालनिर्णय जिथं लटकतं, जिथं आई दुधाचे खाडे लिहिते, त्याच पानावर लाल पेनानं असाइनमेंटची आणि परीक्षेची तारीख लिही. आमच्या घरी हेच केलं होतं, आणि मग एक दिवस सासूबाईच म्हणाल्या की अगं तुझी लाल तारीख जवळ आली ना, आज भाजी मी टाकते. तोंडी सांगून जे होत नव्हतं ते कॅलेंडरनं झालं.

आणि शक्य असेल तर रोज दोन तास घराबाहेर जा. तालुक्याला एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिका असतात, तुला रोज जमणार नसेल तर गावातलं सार्वजनिक वाचनालय बघ, ते नसेल तर शाळा सुटल्यावर एखादी खोली मिळते का ते मॅडमना विचार. चप्पल घालून बाहेर पडलीस की घरच्यांना पटतं की ही कॉलेजला गेली, आणि खरं सांगू का, आपल्यालाही तेव्हाच पटतं.

वेळेचं म्हणशील तर एक हिशोब करून बघ. इग्नूत १ क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास असं धरलेलं असतं. ६ क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १८० तास. सहा महिन्यांवर वाटलं तर आठवड्याला सात तास, रोजचा एक तास. एका पेपरला, असे पेपर जितके असतील तितकी भर. तुझे तीन महिने गेलेत म्हणजे काही बुडालं नाही, पण या सत्रात सगळे पेपर होतील असा हट्ट धरू नको, जेवढे झेपतील तेवढे नीट दे, राहिलेले पुढच्या वेळी. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात आणि तीन वर्षांची पदवी पुरी करायला सहा वर्षांपर्यंत मुभा असते, ती मुभा तुझ्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे, ती वापरण्यात कमीपणा कसला.

इंग्रजीचं तू लिहिलंस ते मला मनापासून कळतं. इग्नूचं बीएचं साहित्य इंग्रजी किंवा हिंदीत, आणि तुझं बारावीपर्यंत सगळं मराठीत. मग पहिलंच पान वाचताना डोक्यावरून जातं आणि आपण ढ आहोत असं वाटायला लागतं. तसं नाहीये. आधी तो मुद्दा मराठीत समजून घे, मराठी विश्वकोश आता नेटवर फुकट आहे, त्यात शोध, मग इंग्रजीतलं पान वाच. आणि समाजशास्त्र तर तुझ्या घरात बसलेलं आहे गं! पुस्तकात जजमानी पद्धत येईल, म्हणजे आपल्या बलुतेदारीसारखीच, तू आजोबांच्या बाजेजवळ जाऊन बस आणि विचार की आपल्या गावात बलुतं कसं द्यायचे, सुताराला किती, कुंभाराला काय, सुगीला खळ्यावर कोण कोण यायचं, आणि कुणाला लांबच उभं राहावं लागायचं. शेवटचा प्रश्न नक्की विचार. तास दीड तास बोलतील ते. त्यानंतर तेच इंग्रजी पान उघड आणि बघ ते तुला आपोआप कळतं की नाही, आणि पुस्तकात आणि आजोबांच्या सांगण्यात जिथं फरक पडतो तिथं वहीत खूण कर, उत्तरात ते लिही.

असाइनमेंट विकत घेऊ नको. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, यूट्यूबवर मिळतात, आता चॅटजीपीटीला विचारलं तर दोन मिनिटांत येतं. अडलेला शब्द विचारायला, एखादा मुद्दा सोपा करून घ्यायला ते जरूर वापर, पण उत्तर तुझं असू दे. असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन असतं, आणि परीक्षेला तीन तास पेन धरून तू एकटीच बसणारेस, तिथं ते दुकान येत नाही. हाताची सवयपण ठेव, वर्षभर मोबाइलवर टाइप करणाऱ्यांची बोटं दुसऱ्याच तासाला आखडतात, मी माझ्या पहिल्या पेपरला शेवटचे दोन प्रश्न येत असून अर्धे सोडले ते याच कारणानं. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक उत्तर कागदावर लिही. जमा केलेल्या प्रत्येक असाइनमेंटचा फोटो आणि पोच जपून ठेव, आणि तारीख वाढेल म्हणून वाट बघत बसू नको.

विद्यापीठाकडून जे मिळतं तेही मागून घे, लाजू नको. इ-ज्ञानकोश म्हणून इग्नूची साइट आहे, तिच्यावर पुस्तकं फुकट आहेत. अभ्यासकेंद्रावर संमंत्रणाचे, म्हणजे सरांनी शंका सोडवायचे, तास असतात, पहिल्या वेळी जाऊन नुसतं नाव सांगून आलीस तरी चालेल, दुसऱ्या वेळी सर ओळखतात आणि मग फोनवर शंका विचारता येते. काही अडलं, मार्क दिसत नाहीत, नाव चुकलंय, तर आय-ग्राम म्हणून इग्नूचं तक्रारीचं पोर्टल आहे, त्यावर लिहून टाक आणि तक्रार नंबर जपून ठेव, उत्तर नाही आलं तर त्याच नंबरवर पुन्हा विचार. तुला पुणं, नागपूर, मुंबई यापैकी ज्या प्रादेशिक केंद्राखाली घातलंय त्याचा ईमेलही लिहून ठेव. (तुझा मावसभाऊ कुठल्यातरी एजंटकडून ऑनलाइन डिग्री घेतोय म्हणालीस, त्याला सांग पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या साइटवर त्या विद्यापीठाचं आणि त्याच कोर्सचं नाव आहे का ते स्वतः बघ म्हणावं, एजंटच्या मोबाइलवर नको.)

आणि एक. तू लिहिलंयस की रात्री झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, सारखं रडू येतं. हे अभ्यास मागे पडल्यामुळं असेल किंवा अभ्यास मागे पडायचं कारण हेच असेल, मला लांबून कळणार नाही. टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लागते, मराठीत बोलता येतं. फोन कर. घरात बोलता येत नसेल तर गच्चीवर जा, नाहीतर शेतात जा, पण कर. केलास की मला नुसतं "केला" एवढं लिहून पाठव, काय बोललीस ते नको सांगू.

आज रात्री नऊला मी तुला फोन करतेय. पहिल्या पेपरचं पहिलं युनिट उघडून बस, पहिली चार पानं, जमेल तशा इंग्रजीत मोठ्यानं तू वाचायचीस आणि मी ऐकणारेय. माझ्याकडं तेव्हा भाजी निवडायची असते, तेवढा आवाज येईल.

तुझी,
ताई