कुळागरातील बिनतारी ओलावामापक: सेल, प्रोग्राम आणि पावसाळा

प्रश्न (सत्तरी, गोवा): पोफळीच्या कुळागरात (मिश्र बागेत) चार ठिकाणी लोरावर (कमी विजेत दूरवर संदेश नेणारी रेडिओ पद्धत) चालणारे ओलावामापक लावले आहेत. ३.६ व्होल्टचा लिथियम सेल तीन आठवड्यांत बसतो. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, सी ही प्रोग्रामिंगची भाषा सोडून रस्ट या भाषेत प्रोग्राम लिहूया. त्याने सेल टिकेल का?

उत्तर: नुसती भाषा बदलून सेल वाचत नाही. तीन आठवडे या आकड्यावरूनच दोष कळतो. बाजारात मिळणारा कपॅसिटिव्ह (मातीची विद्युत धारकता पाहून ओल मोजणारा) सेन्सर चालू असताना सुमारे ५ मिलीअँपिअर खातो. चोवीस तासांचे झाले १२० मिलीअँपिअर-तास, आणि २४०० मिलीअँपिअर-तासांचा सेल वीस दिवसांत रिकामा. म्हणजे आपला सेन्सर कधी बंदच होत नाही.

खात्री करायची तर सेलच्या वायरीत मल्टिमीटर जोडा, पण त्याला समांतर जंपर ठेवून यंत्र सुरू करा आणि ते झोपी गेल्यावरच जंपर काढा. नाहीतर संदेश पाठवताना मायक्रोअँपिअर रेंजच्या रोधामुळे व्होल्टेज पडते आणि चिप पुन्हा पुन्हा रीसेट होते. झोपेत १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त दिसले तर काहीतरी जागे आहे.

सेन्सरचा पुरवठा पी-चॅनल मॉसफेटमधून (चिपच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) द्या. त्याच्या गेटला १०० किलोओमचा पुल-अप (पुरवठ्याच्या धन बाजूला जोडलेला रोध) हवाच, म्हणजे चिप रीसेटमध्ये असतानाही सेन्सर बंद राहतो. अर्ध्या तासाला एक वाचन पुरे. पोफळीच्या मुळांशी ओल त्याहून झरझर बदलत नाही. अर्धा सेकंद सेन्सर, मग ०.४ सेकंद ५० मिलीअँपिअरने संदेश, बाकी वेळ ५ मायक्रोअँपिअर, असे धरले तर दिवसाला अर्धा मिलीअँपिअर-तासही लागत नाही. कागदावर पंधरा वर्षांहून जास्त येतात, पण सेलची स्वतःची गळती आणि दमट हवा पाहता तीन वर्षांच्या हिशेबाने चला. संदेशाच्या क्षणी हा सेल धापा टाकतो, म्हणून त्याला समांतर ४७० मायक्रोफॅरडचा कमी गळतीचा कपॅसिटर लावा.

आता रस्ट. त्याचा खरा फायदा चुका आवरण्यात आहे. सेन्सरचा पुरवठा एका स्ट्रक्टच्या (प्रोग्राममधल्या माहितीच्या गठ्ठ्याच्या) ताब्यात द्या आणि मॉसफेट बंद करण्याची ओळ त्याच्या ड्रॉपमध्ये, म्हणजे तो गठ्ठा संपताना आपोआप चालणाऱ्या भागात, लिहा. वाचन फसून फंक्शन मधूनच एरर घेऊन परतले तरी पुरवठा तुटतो. सीमध्ये ही ओळ बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर आठवणीने लिहावी लागते, आणि एखाद्या वाटेवर ती राहतेच.

पॅनिक (सावरता न येणारी चूक होऊन प्रोग्राम कोसळणे) झाल्यावर मात्र चिपवर ड्रॉप चालत नाही. पॅनिक-हॉल्ट वापरले असेल तर चिप तिथेच अडकते, सेन्सर चालू राहतो आणि तुमचे वीस दिवस परत सुरू. त्याऐवजी चिप नव्याने सुरू करणारे पॅनिक-रीसेट घ्या.

एसटीएम३२डब्ल्यूएल (लोरा रेडिओ आतच असलेली) चिप आणि एम्बसी (रस्टमधली चिपसाठीची तयार चौकट) असेल तर मुलाला तीन गोष्टी सांगा. एम्बसीचा साधा एक्झिक्युटर (कामे चालवणारा भाग) हलकी डुलकीच घेतो. सुमारे १ मायक्रोअँपिअरच्या स्टॉप-२ झोपेसाठी लो-पॉवर एक्झिक्युटर आणि आरटीसी (चिपमधले घड्याळ) वेगळे जोडावे लागतात. झोपेत डीबग (चुका शोधण्याची जोडणी) चालू ठेवण्याचा पर्याय मुळात चालू असतो. बागेत न्यायच्या प्रोग्राममध्ये तो बंद करा. तिसरी गोष्ट वॉचडॉगची (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरची), आणि इथेच बहुतेकांचे डोके फिरते. या चिपचा स्वतंत्र वॉचडॉग जास्तीत जास्त ३२ सेकंदांचा असून तो झोपेतही मोजत राहतो. अर्ध्या तासाची झोप घ्यायची तर ऑप्शन बाइटमधून (चिपच्या कायम सेटिंगमधून) त्याला झोपेत थांबवा. नाहीतर यंत्र दर ३२ सेकंदांनी नव्याने जागे होऊन नेटवर्कशी जोडणी मागत बसेल, आणि वरून सगळे ठीक चालल्यासारखे दिसेल.

भारतातील लोरावॅनचा (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कचा) पट्टा निवडा: ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. युरोपची मूळ सेटिंग ८६८ वर पाठवते, ती तशीच ठेवू नका.

प्रश्न (फोंडा): उन्हाळ्यात आकडे बरोबर येतात, जूननंतर संदेश गळतात आणि जमीन सतत ओलीच दाखवते.

उत्तर: संदेश ओल्या पानांमुळे गळतात. कुळागर दरीत, त्यात पोफळी, केळी आणि मिरवेलींची दाटी. मापकाची अँटेना जमिनीलगत न ठेवता खोडावर छातीच्या उंचीला उभी बांधा आणि गेटवे (मापकांचे संदेश घेणारे यंत्र) घराच्या छपरावर न्या. त्यानेही भागले नाही तर स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती सावकाश आणि दूर पाठवायचा ते ठरवणारी सेटिंग) एक पायरी वाढवा. मात्र दर पायरीला हवेतला वेळ जवळजवळ दुप्पट होतो, तितकाच सेलवर भार.

ओलीच जमीन दाखवण्याचे कारण बहुधा सेन्सरची कापलेली कड. तिथून पाणी पट्टीत शिरते. पट्टी पूर्ण वाळवून कडांना आणि वरच्या सर्किटला इपॉक्सीचे दोन हात द्या. डब्यात वायर खालच्या बाजूने घ्या आणि ग्लँड (वायरीभोवतीची पाणीरोधक चकती) घट्ट आवळा, नाहीतर आधी मुंग्या शिरतील आणि मागून पाणी. जांभ्याच्या मातीत खडे असतात. खड्ड्यातली माती चाळून, चिखल करून पट्टीभोवती दाबा. हवेची फट राहिली तर आकडा कोरडा येतो.

प्रश्न (डिचोली): हेच मापक खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात) चालेल का?

उत्तर: नाही. खारेपणा वाढला की हा सेन्सर तीच माती जास्त ओली दाखवतो. खाजनात मानशीजवळ (पाण्याच्या दाराजवळ) पाण्याची पातळी आणि विद्युतवाहकता मोजणारा प्रोब बसवा. बाकी यंत्र आणि झोपेचा प्रोग्राम तोच चालेल. फक्त प्रोबला उलटसुलट प्रवाहावर चालणारे सर्किट घ्या, सरळ प्रवाहाने त्याची टोके लवकर झिजतात.