मानसिक आजारावर उपचार घेणारा माझा भाऊ डॉक्टरांना ‘घरच्यांना काही सांगू नका’ म्हणाला आहे. तरी मी डॉक्टरांना त्याच्याबद्दल माहिती देऊ शकते का?

हो, नक्की देऊ शकता. गोपनीयतेचं बंधन डॉक्टरांच्या बोलण्यावर असतं, ऐकण्यावर नाही. भावाची संमती नसताना ते त्याच्या उपचारांबद्दल तुम्हाला सांगणार नाहीत, पण तुमचं म्हणणं ऐकून घेऊ शकतात. समुपदेशक म्हणून मी हे सतत पाहते: वीस मिनिटांच्या भेटीत पेशंट सावरून बसतो, रात्रभर येरझारा घालणारा माणूस फक्त घरच्यांना दिसतो. म्हणून ‘तो विचित्र वागतो’ असं मोघम नको. ‘सोमवारपासून रात्री दोन तासांच्या वर झोपलेला नाही, गोळ्यांची पट्टी तशीच पडून आहे, जेवणाचं ताट दाराबाहेरच राहतं’ असं तारखांसकट लिहून द्या. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारात कुटुंबाला उपचारात सामील करून घेतलं की आजार उलटण्याचं प्रमाण घटतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. एक मात्र लक्षात ठेवा: तुमची माहिती फाइलमध्ये जाऊ शकते आणि भावाला ती कळू शकते, तेव्हा जमलं तर त्याला आधी सांगूनच द्या. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र थांबू नका, लगेच कळवा.